लघवीतलं न दुखणारं रक्त आणि घरात वळली जाणारी विडी: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सोलापुरातलं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. आजार कसा पुढे सरकला, कुठल्या टप्प्यावर काय ठरवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मात्र घडलं तसंच ठेवलं आहे. मी युरोलॉजिस्ट म्हणून त्यांच्यावर उपचार करतो. घरचे त्यांना अण्णा म्हणतात, इथेही तेच नाव वापरतो.

पार्श्वभूमी

अण्णांचं वय ५८. चादरी आणि टॉवेलांचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यात ते पोरवयात लागले आणि पुढे मुकादम झाले. सुरुवातीची दहा-बारा वर्षं रंगाची पावडर हाताने कालवण्यात गेली. हातमोजे कुणी दिले नाहीत, मागितलेही नाहीत. विडी सोळाव्या वर्षी लागली. रोज एक बंडल, रात्रपाळी असली की दीड. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दवाखान्यात जायची सवय नाही.

त्यांची पत्नी, म्हणजे काकू, लग्न झाल्यापासून घरी विड्या वळतात. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून मिळतो, वळलेल्या विड्या परत मोजून द्यायच्या, मजुरी हजारावर. दुपारभर मांडीवर सूप असतं. पाहणी करणारा ज्या विड्या सैल किंवा वाकड्या म्हणून परत करेल अशी भीती वाटते, त्या काकू आधीच बाजूला काढतात. त्या अण्णांच्या खिशात जायच्या. त्यामुळे विडीवर महिन्याला किती पैसे जातात हा हिशोब त्या घरात कधी झालाच नव्हता, आणि विडी महाग झाली म्हणून कमी ओढली असंही कधी घडलं नव्हतं.

समस्या

वैशाखात दोन दिवस अण्णांची लघवी लालसर झाली. दुखलं नाही, ताप आला नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून काकूंनी धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा दिला. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. घरात विषय संपला.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा रक्त. जवळच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. महिन्याभराने तिसऱ्यांदा आलं, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. त्यात प्रोस्टेट थोडी वाढलेली दिसली, रक्त तिच्यामुळे असं सांगून तिच्या गोळ्या सुरू झाल्या. पुन्हा थांबलं. फेब्रुवारीत एका रात्री लघवीच अडकली. पोट फुगलेलं, घाम फुटलेला, अशा अवस्थेत मुलगा त्यांना रिक्षातून आमच्याकडे घेऊन आला. मूत्राशयात रक्ताच्या गाठी साचून वाट बंद झाली होती.

मुलाने कॅरीबॅगमध्ये सगळे जुने कागद आणले होते. ते नीट वाचले तेव्हा दहा महिने कुठे गेले ते कळलं. लघवीच्या दोन्ही रिपोर्टांत तांबड्या पेशी ‘भरपूर’ आणि पांढऱ्या पेशी २ ते ४. एवढं रक्त जंतुसंसर्गामुळे पडत असतं तर पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसल्या असत्या. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, कुणी लावलं नव्हतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात खालच्या ओळीत लिहिलं होतं की मूत्राशय पुरेसं भरलेलं नसल्याने आतली भिंत नीट पाहता आली नाही. ती ओळ वाचून कुणी पुन्हा तपासणी सांगितली नव्हती. तीन चिठ्ठ्यांपैकी एकीवरही विडीचा उल्लेख नव्हता. रंगाच्या कारखान्याचा तर नव्हताच.

हे रक्त येतं आणि जातं, हीच त्यातली फसवी बाजू आहे. मूत्राशयाच्या कर्करोगात गाठीचा पृष्ठभाग अधूनमधून खरवडला जातो, रक्त पडतं आणि आपोआप थांबतं. त्याच सुमारास कुठलंही औषध चालू असेल तर श्रेय त्या औषधाला मिळतं. अण्णांच्या बाबतीत एकदा सब्जाला, एकदा अँटिबायोटिकला आणि एकदा प्रोस्टेटच्या गोळीला मिळालं.

धुराचा मूत्राशयाशी संबंध काय

हा प्रश्न मुलाने पहिल्याच रात्री विचारला. विडी छातीत जाते, मग रोग लघवीच्या पिशवीत कसा?

तंबाखूच्या धुरात ॲरोमॅटिक अमाइन गटातली रसायनं असतात. ती फुप्फुसातून रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती रक्तातून गाळून लघवीत सोडतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. फुप्फुसातून धूर श्वासासरशी बाहेर तरी जातो. मूत्राशयाचं अस्तर मात्र त्या पाण्यात दिवसरात्र भिजत असतं, आणि हे ४० वर्षं चालतं. धूम्रपान करणाऱ्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका न करणाऱ्यांच्या तुलनेत तीन ते चार पट असतो, आणि या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये मूळ कारण तंबाखूचा धूर असतो. विडीला फिल्टर नसतो, ती सारखी विझते म्हणून जोरात आणि वरचेवर ओढावी लागते. ‘सिगारेटपेक्षा बरी, पानाचीच तर आहे’ या समजुतीला कसलाही आधार नाही.

दुसरा धागा रंगांचा. जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग रेन या शल्यचिकित्सकांनी १८९५ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. त्यामागेही ॲरोमॅटिक अमाइनच निघाली. बेन्झिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर भारतात १९९०च्या दशकात बंदी आली. अण्णा हाताने रंग कालवत होते ते त्याच्या आधी. त्यांच्या शरीरात एकाच जातीचं विष दोन वाटांनी गेलं होतं.

कोणते पर्याय समोर होते

त्या रात्री पर्यायांचा प्रश्न नव्हता. जाड, तीन तोंडांचा कॅथेटर घातला, सिरिंजने गाठी ओढून काढल्या आणि सलाईनने मूत्राशय धुवायला लावलं. हिमोग्लोबिन ९.१ होतं.

खरा पहिला निर्णय तिसऱ्या दिवशी आला. पिशवीतली लघवी स्वच्छ झाली आणि मुलगा म्हणाला, ‘आता थांबलंय तर घरी नेऊ का? पुन्हा आलं तर लगेच आणतो.’ त्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं, कारण आधी तीनदा तसंच झालं होतं. लघवीतल्या पेशींची तपासणी करून पाहणं हा मधला मार्ग होता, पण ती तपासणी निर्दोष आली तरी गाठ नाही असं म्हणता येत नाही. नुसती सोनोग्राफी पुन्हा करण्यालाही हीच मर्यादा. मी सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी (लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहणं) दोन्हींचा आग्रह धरला. सीटीत मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. मूत्रपिंडं चांगली होती.

दुसरा निर्णय सांगण्याचा. मुलाने मला बाहेर बोलावून हात जोडले. ‘अण्णांना कॅन्सर म्हणू नका, ते खचतील. गाठ आहे एवढंच सांगा.’ ही विनंती जवळपास प्रत्येक घरातून येते आणि तिच्यामागे माया असते. पण पुढचे उपचार दोन-तीन वर्षं चालणार होते, दर काही महिन्यांनी दुर्बीण घालावी लागणार होती आणि सगळ्यात मुख्य म्हणजे विडी सोडायची होती. ज्याला आजार माहीत नाही तो हे सगळं कशासाठी सोसेल? मी मुलाला म्हटलं, मी स्वतःहून काही सांगणार नाही, पण त्यांनाच विचारेन की तुम्हाला किती कळायला हवंय. विचारलं. अण्णा म्हणाले, ‘जे असंल ते सांगा डॉक्टर. मुकादमी केलीय, अर्धा हिशोब ठेवून चालत न्हाई.’ मग मुलाच्या समोरच सगळं सांगितलं. ते बराच वेळ पलंगाच्या दांडीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं ते खर्चाचं.

शस्त्रक्रियेतही एक पेच होता. गाठ बाजूच्या भिंतीवर होती. तिथे विजेच्या तारेने कापताना जवळून जाणारी ऑब्ट्युरेटर नस चाळवली जाऊन मांडी झटकन उडते आणि मूत्राशयाला भोक पडू शकतं. पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल केले तर ते टळतं. पण ४० वर्षांच्या विडीने अण्णांची छाती घरघरत होती, पूर्ण भुलेनंतर फुप्फुसं साथ देतील याची खात्री नव्हती. भूलतज्ज्ञांनी पाठीतून भूल आणि त्या नसेला वेगळं इंजेक्शन असा मार्ग काढला. तंबाखूचा परिणाम फक्त रोगावर होत नाही, रोगावरच्या प्रत्येक उपचारावर होतो, हे इथे नातेवाइकांना दाखवून देता आलं.

काय केलं

गाठ दुर्बिणीतून पूर्ण काढली. योजनेत शस्त्रक्रिया बसली, त्यामुळे तो खर्च घरावर पडला नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: वरच्या दर्जाचा, म्हणजे आक्रमक पेशींचा कर्करोग, अस्तराखालच्या थरात शिरलेला, पण मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत पोचलेला नाही. तुकड्यात स्नायू आलेला होता हे महत्त्वाचं. तो आलाच नसता तर ‘स्नायूत नाही’ या वाक्याला काही अर्थ राहिला नसता.

अशा रुग्णात दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बिणीने खरवडून पाहतात. घरचे तयार नव्हते. ‘सगळं काढलं म्हणालात, मग पुन्हा कशाला?’ मुंबईला जाऊन दुसरं मत घ्या, मी कागद तयार करून देतो, असं मी सुचवलं. ते जाऊन आले, तिथेही तेच सांगितलं गेलं. दुसऱ्या वेळी जागा स्वच्छ निघाली.

पुढे दोन रस्ते होते. पूर्ण मूत्राशय काढून टाकणं किंवा ते वाचवून आत बीसीजीचं औषध सोडणं. पहिल्यात रोग मुळासकट जाण्याची शक्यता जास्त, पण पोटावर पिशवी आणि मोठी शस्त्रक्रिया. अण्णांची छाती आणि दुसऱ्या वेळचा स्वच्छ रिपोर्ट पाहून आम्ही बीसीजी निवडलं. बाळांना क्षयाविरुद्ध टोचतात त्याच लसीचे अशक्त जंतू, पण कितीतरी मोठ्या मात्रेत, कॅथेटरमधून मूत्राशयात सोडायचे. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी हा उपचार पहिल्यांदा मांडला, आणि आजही अशा कर्करोगात मूत्राशय वाचवायचं तर तोच आधार आहे. आठवड्याला एक असे सहा डोस. औषध दोन तास धरून ठेवायचं, मग बसून लघवी करायची आणि पुढचे सहा तास संडासात ब्लिचिंग टाकायचं. चाळीतला संडास सामाईक असल्याने काकूंनी शेजारणींना काय सांगावं हाही एक प्रश्न झाला. ‘औषध चालू आहे’ एवढं पुरलं.

विडी सोडवणं

या भागावर मी जास्त लिहितो, कारण केसपेपरवर तो बहुधा एका शब्दात संपतो: ‘बंद करा.’

भरतीच्या दुसऱ्या रात्री सिस्टरना जिन्यात विडीचा वास आला. अण्णा एका हातात लघवीची पिशवी धरून खिडकीशी उभे होते. सिस्टर रागावल्या, मुलगा त्याहून रागावला. मी सकाळी एकच प्रश्न विचारला: झोपेतून उठल्यावर पहिली विडी किती वेळात? ‘तोंड धुवायच्या आत. त्याशिवाय पोट साफ होत न्हाई.’ उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत ज्याला लागते त्याचं शरीर निकोटीनवर घट्ट बांधलेलं असतं. त्याला मनाचा निर्धार करा म्हणणं पुरत नाही, औषध लागतं.

निकोटीनचं च्युइंगम सोपं आणि सहज मिळणारं, पण अण्णांच्या दाढा पडलेल्या. म्हणून रोज त्वचेवर चिकटवायचा पॅच आणि तलफ आली की चघळायच्या ऐवजी तोंडात विरघळवायची निकोटीनची गोळी. पोटासाठी सकाळी कोमट पाणी आणि आठवडाभर इसबगोल. वरवर किरकोळ वाटेल, पण सकाळची विडी सुटली ती यामुळे. पॅचचा खर्च मुलाने केला. बंडलावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्विटलाइनचा क्रमांक त्याने अण्णांच्या फोनमध्ये साठवून दिला.

अडचण घराची होती. विडी सोडणाऱ्याला पहिला सल्ला असतो की घरातला सगळा तंबाखू बाहेर टाका. इथे तंबाखू हेच घरातलं निम्मं उत्पन्न. ‘काकू, काम सोडा’ असं सांगायचा अधिकार मला नव्हता आणि तशी त्यांची परिस्थितीही नव्हती. आम्ही तिघांनी बसून जे ठरवलं ते असं: काकू सूप घेऊन जावेच्या पडवीत बसतील, आणि बाजूला काढलेल्या विड्या घरी न आणता तिथेच मोडून पानं-तंबाखू वेगळं करतील. काकू म्हणाल्या, ‘हे मला आधी कुणी सांगितलंच नाही. माझ्याच हातची ओढतात म्हणून मीच गप्प बसायची.’

अण्णांचा दुसरा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो फार जणांच्या मनात असतो. ‘रोग झालाच आहे, आता सोडून काय मिळणार?’ मिळतं. जे अस्तर ४० वर्षं भिजलं ते एका जागीच बिघडलेलं नसतं, गाठ काढली तरी उरलेलं अस्तर तेच असतं. विडी चालू ठेवणाऱ्यांत गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. शिवाय पुढच्या प्रत्येक भुलेला छाती जरा बरी असते, आणि हृदयाचा फायदा तर लवकर सुरू होतो.

आणखी एक तक्रार

बीसीजीच्या चौथ्या डोसाला काकू बाहेर गेल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, ‘नवरा-बायकोचं जमत न्हाई तीन-चार वर्षं झाली. ते पण याचंच का?’ हा प्रश्न कर्करोगाच्या रुग्णाकडून सहसा येत नाही आणि डॉक्टरही स्वतःहून काढत नाहीत. धुराने रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. लिंगातल्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. अरुंद वाहिन्या आधी अडतात, त्यामुळे ताठरता कमी होणं ही हृदयविकाराची काही वर्षं आधीची सूचना असू शकते. अण्णांचा ईसीजी आणि रक्तातली चरबी तपासली, फिजिशियनकडे पाठवलं, तिथे कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर ते राहून गेलं असतं.

निष्पत्ती

पाचव्या डोसाच्या आठवड्यात लघवीला इतकी जळजळ झाली की अण्णांनी पुन्हा दोन दिवस विडी ओढली. मुलाने फोनवर तक्रार केली. पॅच चालूच ठेवला, जळजळीचं औषध दिलं, ओरडलं कुणी नाही. विडी परत सुटली. काही महिन्यांनी मात्र काकूंच्या लक्षात आलं की अण्णांच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या माव्याची पुडी असते. सोबतच्या मुकादमाने ‘धूर नाही, मग काय’ म्हणून लावली होती. माव्याने मूत्राशयाला विडीइतकाच धोका होतो असं मी म्हणणार नाही, पण तोंडाचा कर्करोग आणि निकोटीनची बांधीलकी दोन्ही त्यात आहेत. पॅच पुन्हा सुरू केला. मावा सोडवायला विडीपेक्षा जास्त वेळ लागला.

पहिली दुर्बीण तपासणी स्वच्छ आली. नवव्या महिन्यात एक बारीक, सौम्य दर्जाची गाठ दिसली, ती तिथेच जाळली. ती त्या दोन दिवसांच्या विडीमुळे आली की आधीच्या ४० वर्षांमुळे, हे एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही. मुलाने अण्णांना त्यासाठी बोल लावला तेव्हा मी हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्यानंतरच्या तपासण्या स्वच्छ आहेत. अण्णा विडी ओढत नाहीत, मूत्राशय शाबूत आहे, कामावर जातात. बीसीजीचे पुढचे टप्पे चालू आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी दिवाळीत होती. पन्नाशी ओलांडलेला, ४० वर्षं विडी ओढणारा माणूस, डोळ्यांना दिसणारं रक्त आणि वेदना नाही, एवढ्यावर दुर्बीण तपासणी ठरायला हवी होती, रक्त थांबलं असलं तरी. गोळ्या द्यायला हरकत नव्हती. गोळ्या संपल्यावर लघवी पुन्हा तपासायची होती, ती तपासली गेली नाही. सोनोग्राफीतली मूत्राशय न भरल्याची ओळ म्हणजे तपासणी अपुरी असल्याची कबुली आहे, त्याच दिवशी पाणी पाजून ती पुन्हा करता येते. प्रोस्टेट या वयात बऱ्याच पुरुषांची वाढलेली असते. ती दिसली म्हणजे रक्ताचं कारण सापडलं असं होत नाही.

वॉर्डातही एक बदल झाला आहे. विडी-सिगारेटचा रुग्ण भरती होतो तेव्हा पहिली विडी किती वेळात लागते हे तेव्हाच विचारतात आणि हरकत नसेल तर पॅच पहिल्या दिवशीच लागतो. जिन्यातली रात्र टळते.

कारखान्याचा भाग अजून अपुरा आहे. अण्णांनी आपल्या बरोबर रंग कालवणाऱ्या जुन्या सोबत्यांना लघवीची तपासणी करायला सांगितलं. काही आले, काही ‘आम्हाला काय झालंय’ म्हणून आले नाहीत. हे काम एका रुग्णाच्या भरवशावर सोडण्याजोगं नाही, कामगारांच्या वार्षिक तपासणीत ते असायला हवं.

आणि काकू. त्यांना वर्षात दोनदा जळजळ झाली होती, दोन्ही वेळा मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. बायकांच्या लघवीतलं रक्त तर आणखीच सहज जंतुसंसर्गाच्या खात्यात जातं आणि त्यांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं. काकू मिश्री लावतात, दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसतात. त्यांचं कल्चर लावलं, संसर्ग खराच निघाला, औषध दिलं. औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासली, तांबड्या पेशी नव्हत्या. मिश्रीबद्दल बोलणं सुरू आहे.